ध्यान लागलं नाही तर कुणाला विचारायचं?

फोनवरून ध्यान शिकता येतं का, या एका प्रश्नावर माझ्या बहिणीचं आणि माझ्या मुलीचं आजवर पटलेलं नाही. बहीण नाशिक जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. निवृत्त झाल्यापासून ती अधूनमधून इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर सेवेला जाते, साधकांना जेवण वाढते, हॉलमधली आसनं लावते. मुलगी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात आयसीयूची स्टाफ नर्स आहे आणि ध्यान शिकली ती फोनवरून. दोघींचा एकमेकींवर जीव आहे, पण हा विषय निघाला की माघार कुणीच घेत नाही.

हा वाद मी लिहून काढते आहे, कारण तो आमच्या घरापुरता राहिलेला नाही. आमच्या सोसायटीतल्या निवृत्त बँकवाल्यांपासून दहावीच्या मुलांपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या फोनवर श्वास मोजणारं, घंटा वाजवणारं, झोपेची गोष्ट सांगणारं ॲप असतंच. कुणी डॉक्टरांनी सुचवलं म्हणून घेतलं, कुणाला कंपनीने फुकट दिलं. ॲपलने २०१६ साली मनगटावरच्या घड्याळातच ‘ब्रीद’ नावाची श्वासाची आठवण बसवून दिली. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची ध्यानाशी पहिली गाठ देवळात, विहारात किंवा योगवर्गात पडलेली नाही. ती फोनवर पडली आहे. त्यामुळे फोन त्यांना काय देतो आणि काय देत नाही, हे नीट पाहायला हवं. म्हणून दोघींचं बोलणंच इथे देते : मावशी म्हणजे माझी बहीण, भाची म्हणजे माझी मुलगी.

मावशी : तू ध्यान करतेस म्हणजे नक्की काय करतेस, ते आधी सांग. ॲपचं कौतुक नंतर.

भाची : नाइट संपली की सकाळी हँडओव्हर. घरी पोचेपर्यंत नऊ वाजतात. अंघोळ करते, खिडकीचा पडदा ओढते, एका कानात इअरफोन घालते आणि दहा मिनिटांचं सत्र लावते. एक बाई सांगत जातात : पायाच्या बोटांकडे लक्ष न्या, मग टाचांकडे, मग पोटऱ्यांकडे. गुडघ्यापर्यंत पोचेस्तोवर मला पुष्कळदा झोप लागलेली असते.

मावशी : हे ध्यान नव्हे गं, अंगाई झाली ही.

भाची : अंगाई म्हण. पण नाइटनंतर अंथरुणावर पडल्यावरही माझ्या कानात मॉनिटरचा अलार्म वाजत असतो, व्हेंटिलेटरचा तर हमखास. आमच्यातल्या कितीतरी जणी झोपेच्या गोळीवर गेल्या आहेत. मी गोळी घेत नाही. एवढं जरी त्या बाईंनी केलं असेल तरी मी त्यांची ऋणी आहे. आणि मी एकटी नाही अशी. ‘काल्म’ नावाचं जे मोठं ॲप आहे, त्यात मोठ्या माणसांना झोपवण्याच्या गोष्टींचा वेगळा विभाग आहे, स्टीफन फ्रायसारखा नामवंत नट त्या वाचतो. लोकांना झोप हवी आहे, मावशी. मोक्षाचं नंतर बघता येईल.

मावशी : झोप हवी असेल तर झोपेचं औषध म्हणून विका. सजगतेच्या नावाने कशाला? बुद्धांनी श्वास पाहायला सांगितला तो जागं होण्यासाठी. तुम्ही तोच श्वास गुंगी यावी म्हणून वापरता आणि वर म्हणता, मी रोज मेडिटेशन करते.

भाची : रोज कुठे? रोजचं तर माझं जमतच नाही, आणि त्याचाही ॲपला राग. सलग किती दिवस केलं याचा आकडा दाखवतात. माझी नाइट असली की मी सत्र करते सकाळी नऊला, दुसऱ्या दिवशी ऑफ असला की रात्री झोपताना, आणि डे ड्युटी लागली की मध्यरात्र उलटून गेलेली असते. त्यांचा दिवस रात्री बाराला संपतो, माझा नाही संपत. आकडा पुन्हा शून्यावर. मग फोनवर निरोप येतो, ‘आज स्वतःसाठी वेळ काढलात का?’ व्हेंटिलेटरवरच्या माणसाची सक्शन करताना खिशात तो निरोप थरथरतो तेव्हा फार एकटं वाटतं.

इथे बहीण क्षणभर बोलली नाही. तिला टोमण्यासाठी आयता मुद्दा मिळाला होता, पण तिने तो उचलला नाही. तिने विचारलं, मग ठेवलंस कशाला ते? मुलगी म्हणाली, निरोप बंद केले आणि आवाज ठेवला.

फोनवरच्या ध्यानाची सगळी गुंतागुंत मला या उत्तरात दिसते. शिकवणारा आवाज एक आणि त्याच्या मागचं दुकान वेगळं. आवाजाला वाटतं ऐकणाऱ्याने शांत व्हावं, दुकानाला वाटतं त्याने परत यावं. ‘हेडस्पेस’ची सुरुवात तिबेटी परंपरेत भिक्षू होऊन परतलेल्या अँडी पुडिकोम या इंग्रज माणसाने २०१० साली एका भागीदाराबरोबर केली. ‘काल्म’ २०१२ चं. आठ वर्षांत, म्हणजे २०२० च्या अखेरीस, त्या कंपनीचं मोल २ अब्ज डॉलर धरलं गेलं. एवढा पैसा ज्यांनी लावला, त्यांना माणूस किती शांत झाला हे मोजता येत नाही. किती वेळा ॲप उघडलं आणि वर्गणी चालू ठेवली का, हे मात्र मोजता येतं.

मावशी : आणि तरी लोक सोडतातच ना? किती टिकतात?

भाची : फार थोडे. २०१९ मध्ये मनाच्या आरोग्याशी संबंधित ९३ ॲप्सचा खरा वापर तपासणारा एक अभ्यास छापून आला होता. लोक काय सांगतात ते सोडून, प्रत्यक्षात किती जणांनी ॲप उघडलं ते मोजलं होतं. ॲप घेतलेल्या दर १०० जणांपैकी तिसाव्या दिवशी उघडणारे साधारण ३.

मावशी : बघ.

भाची : पुढचंही ऐक. ज्या दिवशी लोक उघडतात त्या दिवशी ध्यानाच्या ॲपवर ते साधारण २१ मिनिटं असतात. नुसता श्वासाचा व्यायाम देणारी किंवा मनःस्थितीची नोंद ठेवणारी ॲप्स यापेक्षा पुष्कळ मागे आहेत. म्हणजे थोडे टिकतात, पण टिकतात ते खरंच बसतात. आणि मी तुला उलट विचारते. धम्मगिरीचा कोर्स करून घरी गेलेल्यांना सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायला सांगतात. त्यातले किती बसतात?

मावशी : कमी. फार कमी. ते मी नाकारत नाही. पण जो दहा दिवस राहिला, त्याला काय सोडलंय हे तरी माहीत असतं. तुझ्या त्या ९७ जणांना वाटतं, आपण ध्यान करून पाहिलं, आपल्याला काही ते जमत नाही. दार उघडायच्या आधीच त्यांच्यासाठी बंद झालं. माझा खरा राग त्याच्यावर आहे.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ॲप वाईट आहे असं बहीण म्हणत नव्हती. वाईट ओळख करून दिली की खऱ्या गोष्टीकडे माणूस फिरकतच नाही, हे तिचं दुखणं. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला ते चांगलं ठाऊक असणार. पाचवीत गणिताचा धसका घेतलेलं मूल पुढे कुठल्याच चांगल्या मास्तरांच्या हाती लागत नाही.

भाची : तुझ्या दारालाही उंबरठा आहे. मोठ्या माणसाला विपश्यना शिकायची तर सुरुवातच दहा दिवसांच्या निवासी शिबिराने. पहाटे चारला घंटा, मौन, फोन जमा. माझ्या वॉर्डात कुणाला दहा दिवस सलग रजा मिळते? लेकुरवाळीने काय करायचं? जिची सासू अंथरुणाला खिळली आहे तिने काय करायचं?

मावशी : उंबरठा उंच आहे, मान्य. पण तो पैशाचा नाही. राहणं, जेवण, शिकवणं, कशाचीच फी नाही. कोर्स पुरा केलेला माणूस पुढच्या माणसासाठी दान देतो, तेही द्यायचं असेल तर. १९७६ पासून धम्मगिरी अशीच चालली आहे. आणि दहा दिवस हे कुणाला छळायला ठेवलेले नाहीत. पहिले तीन दिवस नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास, एवढंच. तेवढ्यातही मन हजार ठिकाणी जाऊन येतं. चौथ्या दिवशी शरीरावरच्या संवेदना पाहायला सांगतात, कारण त्याआधी त्या दिसतच नाहीत. दहा मिनिटांत पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत पोचवणारी तुझी बाई जे दाखवते ते नकाशावर गाव दाखवल्यासारखं आहे.

भाची : नकाशा तरी मिळाला. आता मी एक विचारू? रागावणार नाहीस?

मावशी : विचार.

भाची : विपश्यना शिकवणारे तुमचे गोएंका गुरुजी २०१३ मध्ये गेले. आज धम्मगिरीवर शिकवतं कोण?

मावशी : तेच. सूचना त्यांच्याच आवाजात असतात, संध्याकाळचं प्रवचन पडद्यावर.

भाची : म्हणजे रेकॉर्डिंग.

मावशी : हो, रेकॉर्डिंग. ते असतानाही बहुतेक केंद्रांवर असंच चालायचं. एक माणूस एका वेळी किती ठिकाणी बसणार?

भाची : मग माझ्या कानातल्या बाईंवर राग कसला? तूही रेकॉर्डिंगवरच शिकलीस, मीही.

इथे वाद एकदम दुसऱ्या वळणाला लागला. तोवर दोघी ‘जिवंत गुरू की यंत्र’ या नेहमीच्या रेघेवर उभ्या होत्या, आणि ती रेघ पुसली गेली. खरं तर ती कधी धड नव्हतीच. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डॉक्टरांचे उपाय संपलेल्या दुखणेकऱ्यांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला. आज जगभर जे माइंडफुलनेस म्हणून चालतं त्याचं एक मोठं मूळ तिथे आहे. त्या वर्गातही घरच्या सरावासाठी लोकांना कॅसेट दिल्या जात. म्हणजे आवाज साठवून ठेवण्याची सोय ध्यानाला परकी नाही. फोन हे त्या कॅसेटचंच पुढचं रूप आहे, असं मुलीने म्हटलं असतं तर मी तिला हरकत घेतली नसती. बहिणीने घेतली.

मावशी : रेकॉर्डिंग समोर वाजतं, पण त्याच्या शेजारी आसनावर सहायक आचार्य बसलेले असतात. दुपारी बारा ते एक कुणीही जाऊन त्यांना एकट्याने भेटू शकतं. रात्री नऊला हॉलमध्ये पुन्हा प्रश्न विचारता येतात. मी सेवेला असते तेव्हा बघते ना. लोक काय विचारतात? ‘पाठ दुखते, हललं तर चालेल का?’ ‘मला काहीच जाणवत नाही, मी चुकतोय का?’ ‘मला रडू येतंय, थांबतच नाही.’ तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर रेकॉर्डिंगमध्ये नसतं. ते त्या माणसाचा चेहरा बघून द्यावं लागतं. तुझ्या ॲपवर दुपारचे बारा कधी वाजतात?

भाची : नाही वाजत.

मावशी : मग एवढंच म्हणणं आहे माझं.

मुलगी गप्प झाली, आणि मग तिने जे सांगितलं ते मी, तिच्या आईने, पहिल्यांदाच ऐकलं.

भाची : एक तरुण मुलगा होता आमच्याकडे. बाइकचा अपघात. अकरा दिवस होता, माझ्याच बेडला. गेला. त्या सकाळी घरी येऊन मी नेहमीसारखं सत्र लावलं. पाय, पोट झालं, आणि छातीकडे लक्ष न्या म्हटल्यावर मला श्वासच पुरेना. हात गार पडले. मी नर्स आहे, मला कळत होतं की हे हृदयाचं नाही, हा पॅनिक आहे, पण कळून उपयोग होत नाही. आणि कानात त्या बाई त्याच गोड आवाजात म्हणत होत्या, आता सोडून द्या, सगळं हळूहळू सोडून द्या. मी इअरफोन ओढून काढला. उठून बसले, दोन्ही तळवे फरशीवर दाबले, खोलीतल्या वस्तू एकेक करून मोठ्याने म्हणत राहिले, कपाट, पंखा, बादली. बऱ्याच वेळाने श्वास जागेवर आला. महिनाभर ॲप उघडलं नाही.

मावशी : मला फोन का नाही केलास?

भाची : तू म्हणाली असतीस, म्हणूनच सांगत होते.

मावशी : नसते म्हणाले. मी म्हणाले असते, छातीकडे जाऊच नकोस. फार अस्वस्थ झालं तर तळहात आणि तळपाय, लक्ष तिथे ठेवायचं, नाहीतर श्वासावर परत यायचं. डोळे उघडे ठेवले तरी चालतात. आमच्याकडे हेच सांगतात. तू स्वतःच्या बुद्धीने जे केलंस ते बरोबर केलंस.

ध्यानाने त्रास होऊ शकतो, हे सांगताना अजूनही लोक आवाज खाली आणतात. तसं करायचं कारण नाही. मिगेल फारियास आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ध्यानावरच्या ८३ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा साधारण ८.३ टक्के लोकांना चिंता, उदासी किंवा तत्सम काही त्रास झाल्याचं दिसलं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात विलोबी ब्रिटन आणि जॅरेड लिंडाल यांनी अनुभवी साधकांशी बोलून या अडचणींची तपशीलवार नोंद केली आहे, आणि ती वाचली की कळतं, दीर्घ मौन शिबिरंही यातून सुटलेली नाहीत. बहिणीने ते मान्य केलं. तिच्या डोळ्यांदेखत लोक कोर्स अर्धवट सोडून गेले आहेत, एका बाईंना तर रात्री घरच्यांना बोलावून सोपवावं लागलं होतं. म्हणूनच शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराविषयी, चालू औषधांविषयी विचारतात. मुलीच्या ॲपने तिला फक्त ईमेल विचारला होता आणि ध्यान कशासाठी हवंय याचे चार पर्याय दिले होते : झोप, ताण, एकाग्रता, आनंद. नुकतंच कुणी गमावलंय का, हे विचारलं नव्हतं.

भाची : पण मावशी, म्हणून ते फोल ठरत नाही. उपयोग होतो, हे नुसतं माझं म्हणणं नाही. २०२१ मध्ये ३४ चाचण्यांची एकत्र तपासणी झाली, साडेसात हजारांवर माणसं होती त्यांत. ताण, चिंता, उदासी, तिन्हींत फरक पडला होता.

मावशी : किती?

भाची : ताणात मध्यमाच्या जवळपास, चिंता आणि उदासीत थोडा.

मावशी : आणि आठ आठवड्यांच्या वर्गाने?

भाची : २०२२ मध्ये एक चाचणी आली होती, चिंतेचा आजार असलेल्या २७६ जणांची. निम्म्यांना कबाट-झिनच्या पद्धतीचा वर्ग, निम्म्यांना एस्सिटॅलोप्राम, जी गोळी आपल्याकडेही सर्रास देतात. वर्ग गोळीच्या तोडीला उतरला. पण तो वर्ग शिक्षकाने समोर बसून घेतला होता. ॲपची आणि त्या वर्गाची बरोबरी मी करणार नाही. थोडा फरक म्हणजे शून्य नव्हे, एवढंच माझं म्हणणं. ज्याला काहीच मिळणार नाही त्याला थोडं मिळालं तर तू हरकत का घ्यावीस? आणि तू शाळेत पोरांना आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास पाहणं, शिकवायचीस, ‘मित्र’ उपक्रमात. ब्रिटनमध्ये ८४ शाळांत, आठ हजारांवर मुलांना वर्गात माइंडफुलनेस शिकवून पाहिलं. शिकवायला समोर शिक्षक होते, आणि नेहमीच्या पाठांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

मावशी : पोरांनी घरी केलंच नाही, म्हणून दिसला नाही. माझ्याही वर्गात अर्धी पोरं डोळे मिटून चुळबुळ करायची. सक्तीने बसवलं की ध्यान होत नाही, तेवढं मला त्यात दिसतं.

भाची : मग माणूस समोर असला म्हणजे काम झालं, असं नाही.

मावशी : नाही. विचारणारा हवा आणि सांगणाराही हवा.

या वाक्यानंतर त्या दोघी निदान एका बाजूला आल्या असं मला वाटलं. पुढचं बोलणं वादापेक्षा तक्रारीसारखं झालं, आणि तक्रार दोघींची सारखीच होती.

मावशी : मला एक सांग, हॉस्पिटलने दिलं का तुम्हाला हे ॲप?

भाची : आमच्याकडे गेल्या वर्षी नर्सेस डेला सगळ्यांना लिंक आली, वर्षभर मोफत. इंग्लंडमध्ये कोविडच्या काळात सरकारी आरोग्यसेवेतल्या सगळ्यांना हेडस्पेस मोफत होतं, माझी बॅचमेट तिकडे आहे.

मावशी : आणि त्या दिवशी तुझ्याकडे बेड किती होते?

भाची : दोन. एक जण आजारी पडली की तीन. परिचर्या परिषदेचा निकष आयसीयूत एका पेशंटला एक नर्स असा आहे.

मावशी : म्हणजे माणसं द्यायची नाहीत आणि श्वास घ्यायला सांगायचं.

भाची : हे रोनाल्ड परसर नावाच्या प्राध्यापकाने २०१९ मध्ये आख्खं पुस्तक लिहून सांगितलंय, ‘मॅकमाइंडफुलनेस’ म्हणून. ताण बाहेरून येतो आणि उपाय मात्र तुझ्या आत शोध, असं सांगणं हा अन्याय आहे. मला ते पटतं. पण मावशी, माणसं वाढेपर्यंत मी काय करू? मला आज रात्री ड्युटी आहे.

याचं उत्तर बहिणीकडे नव्हतं. माझ्याकडेही नाही. मला इतकंच वाटतं की जी संस्था आपल्या कामगाराला ध्यानाची लिंक पाठवते, तिने त्याच पत्रात रिकाम्या जागा कधी भरणार ते लिहिलं पाहिजे. त्याशिवाय ती लिंक म्हणजे जबाबदारी ढकलणं आहे.

पैशाचं आणि माहितीचं प्रकरण त्यांनी झटकन उरकलं, मीही उरकते. मुलीच्या वॉर्डातल्या एका ब्रदरने सात दिवस फुकट म्हणून ॲप घेतलं, विसरला, आणि वर्षाची वर्गणी खात्यातून गेली. अशा सापळ्याला आता आपल्या कायद्यात नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांचे १३ प्रकार ठरवून मनाई केली, त्यात वर्गणीचा सापळा आहे आणि सारखं टोचत राहणंही आहे. तक्रार करता येते, लोक करत नाहीत. ॲपकडे जाणाऱ्या माहितीचं तर विचारू नका. मोझिला फाउंडेशनने २०२२ मध्ये मनःस्वास्थ्याची आणि प्रार्थनेची ३२ ॲप्स तपासली आणि २८ ॲप्सच्या बाबतीत सावध राहा असा शेरा दिला. रात्री दोनला कुणाला झोप येत नाही आणि कुणी ‘दुःख’ नावाचं सत्र ऐकतं, ही माहिती आपण शेजारणीलाही सांगत नाही.

भाची : सगळ्यात मोठी अडचण मात्र भाषेची आहे. मी इंग्रजीत निभावून नेते. आमच्या वॉर्डातल्या मावश्या काय करणार? ताण त्यांना माझ्यापेक्षा जास्त. बेडपॅन, बॉडी पॅक करणं, सगळं त्यांच्याकडे. म्हणून मी आता एक करते. दुपारच्या चहानंतर पॅन्ट्रीत पाच मिनिटं. फोनवर फक्त गजर लावते. नाकाशी श्वास गार येतो, कोमट जातो, तेवढं बघा, मन गेलं की परत आणा, एवढंच मराठीत सांगते. चौघी-पाचजणी बसतात.

मावशी : तू शिकवायला लागलीस?

भाची : शिकवत नाही. सोबत बसते.

मावशी : हे धोक्याचं आहे. तुला स्वतःला पॅनिक आला होता. उद्या त्यांच्यातल्या कुणाला आला तर?

भाची : तर मी तिथे असते, मावशी. डोळे उघड म्हणेन, पाय टेक म्हणेन, पाणी देईन. जास्त असलं तर आमच्याकडे डॉक्टर आहेत. आणि घरी काही झालं तर १४४१६ ला फोन करा म्हणून सांगून ठेवलंय. ती ‘टेलि-मानस’, सरकारची, २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलतात. माझ्या ॲपने मला हा नंबर कधी दाखवला नाही. पॅन्ट्रीच्या दारावर मी तो हाताने लिहून चिकटवलाय.

बहिणीने तो नंबर आपल्या फोनमध्ये घातला. तिला तो माहीत नव्हता, आणि तिच्यासारख्या, रोज लोकांना ध्यानाविषयी सांगणाऱ्या बाईला तो माहीत नसावा याचं मला वाईट वाटलं. मग ती म्हणाली की विपश्यनेच्या संस्थेचंही ॲप आहे, त्यावर दहा मिनिटांचं आनापान अनेक भाषांत मोफत ऐकायला मिळतं. वर्गणी नाही, सलग दिवसांचा हिशेब नाही. पॅन्ट्रीत तू स्वतः सांगण्यापेक्षा ते लाव. मुलीने लगेच तिला पकडलं.

भाची : म्हणजे फोनवरून चालतं तर!

मावशी : तू शेजारी बसलेली असशील तर चालतं.

माझं मत विचाराल तर ते या उत्तरापाशी आहे. ॲप बनवणाऱ्यांनी अजून एक झोपेची गोष्ट वाढवण्यापेक्षा त्या पैशात प्रश्न ऐकणारी माणसं नेमावीत, मराठी बोलणारी, ठरावीक वेळेला हजर असणारी. हे होऊ शकतं. महाराष्ट्रात निवृत्त शिक्षक, नर्सेस, वर्षानुवर्षं बसणारे साधक पुष्कळ आहेत. आणि ध्यान शिकवणाऱ्या जुन्या संस्थांनी, रजा न मिळणाऱ्या माणसासाठी दहा दिवसांहून लहान असं काही दार करता येईल का, याचा विचार करावा. या दुसऱ्या सूचनेवर बहीण माझ्याशी बिलकूल सहमत नाही. तसं केलं तर ते विपश्यना राहणार नाही, असं तिचं ठाम मत आहे आणि ती ते बदलेल असं वाटत नाही. मुलीला ते हट्टाचं वाटतं.

मावशी : लहान दार करण्यापेक्षा तुला मोठी रजा मिळायला हवी. माणसाला वर्षात दहा दिवस स्वतःकडे बघायला मिळू नयेत, हे तुम्ही इतक्या सहज कसं मान्य केलंत?

भाची : मान्य कुठे केलंय? मिळत नाही.

मावशी : मागितलीस?

भाची : दहा दिवस? मेट्रन हसतील.

मावशी : हसू देत. अर्ज लिही. कारणाच्या ओळीत ध्यान शिबीर असं लिही. आजारपण लिहू नकोस, लग्नही लिहू नकोस.

भाची : नामंजूर होईल.

मावशी : मग नामंजुरी लेखी माग, आणि कारणात स्टाफ कमी आहे असं लिहून घे. तो कागद तुमच्या युनियनला उपयोगी पडेल.